व्हायब्रेशन प्लेटवर उभं राहण्याआधी एवढं बघा

आमच्या नातेवाइकांत, चोपड्यापासून भुसावळपर्यंत, बऱ्याच घरांत आता व्हायब्रेशन प्लेट, म्हणजे वर उभं राहिलं की अंगाला हादरे देणारं पाटासारखं मशीन, आलीय. ऑनलाइन मागवायची, टीव्हीसमोर ठेवायची आणि वर उभं राहायचं, दहा मिनिटांत तासाभराचा व्यायाम होतो म्हणे. हे काही मला पटत नाही, आणि मशीन घेणारे बहुतेक साठीच्या पुढचे, गुडघे धरलेले, शुगरवाले आहेत म्हणून जास्तच काळजी वाटते.

हादरे अंगाचं काय करतात ते आपल्याकडे ट्रॅक्टरवाल्याला विचारा. रावेर-यावलकडे रोटाव्हेटर मारणारी पोरं दिवसदिवस सीटवर आदळत असतात आणि चाळिशी यायच्या आत कंबर धरून बसतात. बसलेल्या माणसाच्या मणक्याला सेकंदाला साधारण 5 हादरे सगळ्यात जास्त लागतात, त्या वेगाला हादरा अंगात शिरून अजून वाढतो, आणि ट्रॅक्टर नेमका त्याच्याच आसपास हलतो. युरोपात यावर 2002 साली नियम केले, 8 तासांच्या कामाला हादऱ्यांच्या जोराची 1.15 मीटर प्रति सेकंद वर्ग ही कमाल मर्यादा, आणि 0.5 च्या वर गेलं की मालकाने उपाय करायचे. आपल्याकडे सीटवर जुनी गोधडी टाकली की झालं.

प्लेटचं गणित वेगळं आहे. व्यायामासाठी साधारण 20 ते 50 हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला तेवढे हादरे, वापरतात, तेही थोडी मिनिटं. खालून झटका आला की पायाचे स्नायू आपोआप आवळतात, आपण मुद्दाम काही करत नाही. ज्यांना चालणं झेपत नाही अशा म्हाताऱ्या माणसांच्या पायांत त्याने थोडी ताकद येते, तोल थोडा सुधारतो, असं अभ्यासांत दिसलंय, आणि ही काही छोटी गोष्ट नाही, त्या वयात बाथरूममध्ये पडून खुबा मोडला की माणूस अंथरूणच धरतो. पण हाडं मजबूत होतात असं सांगून विकतात त्याला जपून. टोरांटोत पाळी गेलेल्या 202 बायकांवर वर्षभर हलक्या थरथरीचा प्रयोग झाला, रोज 20 मिनिटं, 2011 मध्ये निकाल आला, हाडांच्या घनतेत फरक नाही. आणि वजन? नुसतं उभं राहून ते उतरत नाही, त्यापेक्षा सकाळी जळगावच्या मेहरूण तलावाला एक चक्कर मारा.

माझी मावशी प्लेटवर गुडघे ताठ करून उभी राहायची, दातावर दात वाजायचे, चष्मा नाकावरून घसरायचा, वर म्हणायची "माले बरं वाटस रे भाऊ". मी म्हटलं मावशी, गुडघे जरा वाक, खुर्चीवर बसायच्या आधी वाकतो ना तेवढंच. वाकली आणि डोक्यातली धडधड लगेच थांबली. ताठ पायांतून हादरा सरळ मणक्यात आणि डोक्यात जातो, वाकलेल्या गुडघ्यांत मांड्याच तो जिरवतात. नंतर तिच्या पोटऱ्या लाल झाल्या, खाज सुटली, ते बऱ्याच जणांना होतं, रक्तप्रवाह वाढल्यामुळे, थोड्या वेळाने जातं. डोकं दुखलं, गरगरलं तर मात्र उतरायचं.

काही जणांनी तर डॉक्टरला विचारल्याशिवाय त्यावर पायच ठेवू नये. पोटुशी बाई, पेसमेकर, फिट येणारा माणूस, पायाच्या शिरेत गुठळी, नुकतं ऑपरेशन किंवा फ्रॅक्चर, मणक्याची गादी सरकलेली, गुडघ्याची वाटी बदललेली. आणि मुतखडा, पित्ताचे खडे. आपल्याकडच्या 45 डिग्रीच्या उन्हाळ्यात मुतखडा किती जणांना होतो ते तुम्हाला माहितीच आहे, आणि खडा हलून मध्येच अडकला तर रात्री दवाखाना गाठावा लागतो. शुगरवाल्यांचं तर अजून वेगळं, तळपाय बधिर असेल तर कुठे काय लागतंय ते कळतच नाही आणि डोळ्याच्या पडद्यातून रक्त येण्याचा त्रास असेल तर हादरे नकोतच. मावशीला शुगर आहे, म्हणून मी आधी तिला डोळ्याच्या डॉक्टरकडे पडदा तपासायला घेऊन गेलो.

अजून एक. स्वस्तातल्या बऱ्याच मशीनवर 1 ते 99 स्पीड लिहिलेलं असतं, पण हर्ट्झ किती, प्लेट किती मिलिमीटर वरखाली होते, हे कुठेच नसतं. काही मशीनचे हादरे मोजले तेव्हा ते कामगारांसाठीच्या मर्यादेच्या बाहेर काही मिनिटांतच गेले. म्हणून दुकानदाराला हे दोन आकडे विचारा, त्याला सांगता आले नाहीत तर घेऊ नका, आणि घरात आधीच असेल तर सगळ्यात खालच्या स्पीडवर, गुडघे वाकवून, हाताला धरायला काहीतरी ठेवून, एक-दोन मिनिटंच.