मोटरमनचा हात सुटला

डायलिसिस म्हटलं की लोक सुयांबद्दल विचारतात. सुया दोन मिनिटांत लागतात. पुढचे चार तास हात न हलवता पडून राहायचं, आठवड्यातून तीनदा, त्याबद्दल कुणी विचारत नाही. मी ठाण्यातल्या एका युनिटमध्ये टेक्निशियन आहे. मोठी माणसं झोपतात नाहीतर मोबाइल बघतात. तेरा वर्षांच्या पोराने काय करायचं?

सोम-बुध-शुक्र सकाळच्या शिफ्टला असा एक मुलगा येतो. वजन ३१ किलो, फिस्टुला, म्हणजे सुया टोचायला ऑपरेशनने तयार केलेली शीर, डाव्या हाताला. सुरुवातीला कंटाळून इतकी चुळबुळ करायचा की सुईचं टोक शिरेला आतून टेकायचं, व्हीनस प्रेशर (रक्त शरीरात परत जातानाचा दाब) चढायचं, अलार्म वाजायचा आणि रक्त फिरवणारा पंप बंद. पंप थांबला की रक्त गोठायला लागतं. एकदा अख्ख्या डायलायझरमध्ये, म्हणजे रक्त गाळणाऱ्या फिल्टरमध्ये, रक्त गोठलं, तेवढं वाया गेलं. आधीच हिमोग्लोबिन कमी. इन्चार्ज म्हणाले, हात पट्टीने बांधून टाका. मला ते आजही पटत नाही.

शेजारच्या बेडवर एक निवृत्त मोटरमन असतात. त्यांनीच एकदा विचारलं, "गाडी चालवतोस का? डावा हात ब्रेकवर. हलवलास की इमर्जन्सी लागेल."

तेव्हापासून सव्वासातला ठाण्याहून गाडी सुटते. पंपाची गुरगुर म्हणजे इंजिन. कळव्याला डावीकडे-उजवीकडे बघायचं नाही, पारसिकच्या बोगद्यात डोळे मिटायचे. आसनगावला माहुलीचे सुळके दिसले की शिट्टी. एकदा पोराने माहुलीवर बर्फ पाडला, तर आजोबांनी लगेच वेग कमी करायला लावला. उजव्या हातात स्पंजचा चेंडू, तो 'डेडमॅन'. जुन्या लोकलमध्ये मोटरमनला हँडल सतत दाबून धरावं लागायचं. हात सुटला की गाडीला आपोआप ब्रेक. चेंडू दाबलेला नसेल तर गाडी उभी, हा नियम आजोबांनी फार कडक ठेवला होता. डावा हात मात्र दगडासारखा स्थिर. अलार्म जवळजवळ बंदच झाले.

कसाऱ्यानंतर घाट. "माझी हद्द कसाऱ्यापर्यंत," आजोबा सांगतात. "पुढे १:३७ चा चढ, गाड्यांना ढकलायला मागून बँकर इंजिनं लावतात. ती लागताना नुसतं बघत उभा राहायचो." म्हणजे घाट दोघांच्याही कल्पनेतलाच. आमच्या कामातही शेवटचा तासच घाटाचा. अंगात साठलेलं पाणी मशीनने बरंच काढलेलं असतं, पायात गोळे येतात, बीपी पडतं.

परवाचा सोमवार. रविवारच्या सुट्टीत त्याने पाणी जास्त प्यायलं होतं. १ लिटर ८०० काढायचं होतं, त्याच्या वजनाला जास्तच. दहाचं बीपी ठीक होतं. पुढचं साडेदहाला. मी पलीकडच्या मशीनवर बायकार्बच्या द्रावणाचा कॅन बदलत होतो. दहा वीसला आजोबा ओरडले, "अरे, मोटरमनचा हात सुटला!"

चेंडू जमिनीवर. ओठ पांढरे. मशीनवर सगळे आकडे हिरवे, एकही अलार्म नाही. मी पाणी काढणं बंद केलं, पाय वर घेतले, सलाइन १०० मिली सोडलं. बीपी ७६/४०.

नंतर त्याने सांगितलं, गरगरायला बराच वेळ आधी लागलं होतं. "मग बोलला का नाहीस रे?" "दादा, घाटात गाडी थांबवायची नसते."

तेव्हापासून हेच डोक्यात आहे. खेळामुळेच तो गप्प राहिला आणि खेळामुळेच सापडला. दहा मिनिटं उशीर झाला असता तर? इन्चार्जना सांगितलं, तर ते म्हणाले, मग खेळ बंद करा. मी केलेला नाही. आजोबांनी नियम बदललाय: घाटात गरगरलं तर मोटरमनने आधी बँकर मागायचा. बँकर म्हणजे मी.

बुधवारी दहा पाचला, कसारा सोडल्या सोडल्या, पोराने हाक मारली. "दादा, बँकर." बीपी ९४/६० होतं. तरीही मी पाणी काढण्याचा वेग कमी केला.