दवाखाना सोडून प्रयोगशाळेत कशाला?

"दातांचे डॉक्टर ना तुम्ही? मग चांगली प्रॅक्टिस सोडून प्रयोगशाळेत काय करता?" पेशंट विचारतात, नातेवाईक विचारतात, शेवटच्या वर्षाची मुलं तर दार लोटून घेऊन हळूच विचारतात. आता तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

फ्रेडरिक मॅके हे दंतवैद्य 1901 मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्जला प्रॅक्टिस करू लागले. तिथल्या लोकांच्या दातांवर तपकिरी डाग असत, पण ते दात किडत मात्र कमी. मॅके या कोड्याच्या मागे लागले ते लागलेच. कारण पाण्यातलं फ्लोराइड, हे कळायला 1931 उजाडलं, आणि ते शोधलं एका रसायनतज्ज्ञानं. 30 वर्षं! प्रश्न पेशंटच्या खुर्चीशेजारी सुचला, उत्तर प्रयोगशाळेत मिळालं. या दोन जागांमध्ये ये-जा करणारं कुणीतरी हवं, म्हणून मी इथे आहे.

ही ये-जा सोपी नाही. पैशांचं तर उघडच आहे: शिक्षणाचं कर्ज डोक्यावर, बरोबरीचे कमावते झालेले आणि आपण पुन्हा विद्यार्थी. मला त्याहून जास्त छळलं ते हातानं. आमचं काम हाताचं. पीएचडीच्या काळात वर्षभर मी हँडपीस, म्हणजे दात कोरायचं यंत्र, हातात धरला नव्हता. परतल्यावर पहिल्याच रूट कॅनालला दाढेतली एक बारीक नलिका काही केल्या सापडेना. आधी तीच बोटांना आपोआप जाणवायची. त्या दिवशी मी फार घाबरले. मग आठवड्यातून तीन दिवस पेशंट बघायला लागले, तर इकडे प्रयोगशाळेत कल्चरमधल्या, म्हणजे बशीत वाढवलेल्या, पेशी मरायला लागल्या. त्या कुणाच्या अपॉइंटमेंटसाठी थांबत नाहीत. अनुदानाचा अर्ज लिहायला उरते ती रात्र, आणि स्पर्धा असते पूर्णवेळ संशोधन करणाऱ्यांशी.

वाट दाखवणारेही थोडे. शिकवणाऱ्यांचा दिवस क्लिनिकमध्ये आणि परीक्षांमध्ये संपतो. अभ्यासासाठी नमुना किती मोठा घ्यायचा, म्हणजे किती जण तपासायचे, एवढी साधी गोष्ट विचारायलाही मला सुरुवातीला कुणी सापडलं नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या अहवालानुसार जगात सुमारे 350 कोटी लोकांना तोंडाचे विकार आहेत. इतके रुग्ण आणि संशोधनाची वाट दाखवणारे इतके थोडे, म्हणून हा आकडा वाचला की जीव तुटतो.

परवा एका विद्यार्थिनीनं विचारलं, "मॅडम, दोन्ही जमेल का?" मी म्हटलं, "नोकरी घेताना आठवड्यातले दोन दिवस संशोधनासाठी लेखी मागून घे. त्या दिवशी पेशंट नाही, लेक्चर नाही. तोंडी आश्वासनावर जाऊ नकोस."