मग अजून तिथंच का?

महारवाड्यातून ख्रिस्ती झालेलं आमचं घर अजून ख्रिस्तीच का, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. हा प्रश्न मला दोन बाजूंनी येतो. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या मैत्रिणींकडे कधी विषय निघाला की कोणीतरी आवाज खाली करून विचारतं, "तुमच्याकडे धर्म कशासाठी बदलला गं? काही मिळालं होतं का?" आणि आमच्या चुलत घराण्यातला दादा, जो बौद्ध आहे, तो सरळ विचारतो, "तिथंही जात सुटली नाही, मग अजून तिथंच का?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देऊन मी थकले आहे, म्हणून ते आधी उरकते. हो, धान्य मिळालं होतं. पणजोबा नगर जिल्ह्यातले. १८९९-१९०० च्या दुष्काळात मिशनच्या लोकांनी त्यांना जगवलं आणि पुढे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. उपाशी माणसाला ज्याने जेवू घातलं, त्याचा देव कोण हे जाणून घ्यावंसं वाटलं, यात खाली मान घालण्यासारखं काय आहे? ज्यांनी विहिरीला हात लावू दिला नाही, त्यांच्या देवाची ओढ पणजोबांना का वाटायला हवी होती, हे मला आजवर कोणी सांगितलेलं नाही. आणि फायद्याचं म्हणाल तर १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दाखला फक्त हिंदूंना ठेवला. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्यात घेतलं. आम्ही अजून बाहेरच आहोत. दादाचे पणजोबा आणि माझे पणजोबा सख्खे भाऊ, एकाच महारवाड्यातले. त्याच्या मुलांना तो दाखला मिळतो, माझ्या मुलांना नाही. फायदा बघून राहायचं असतं तर आम्ही केव्हाच परत गेलो असतो.

दादाचा प्रश्न मात्र खरा आहे. तो मला कमाटी बागेतल्या संकल्पभूमीवर, बाबासाहेबांच्या स्मारकापाशी, घेऊन जातो आणि दरवेळी तीच हकीकत सांगतो. १९१७ साली बाबासाहेब गायकवाड सरकारच्या नोकरीसाठी बडोद्याला आले. राहायला कोणी जागा देईना, म्हणून पारशी नावाने पारशांच्या धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांना तिथून काढलं. गावात त्यांचे दोन मित्र होते, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. हिंदू मित्र म्हणाला, तू आलास तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्र म्हणाला, बायको उद्या येतेय, तिला विचारावं लागेल. ते जोडपं मूळचं ब्राह्मण, आणि त्या बाईंनी अस्पृश्याला घरात घेतलं नसतं, हे बाबासाहेबांना मागाहून कळलं. त्यांनी स्वतःच ते लिहून ठेवलंय. "तुझ्या धर्माचं घर होतं ते," दादा म्हणतो. "बडोद्यातलं."

यावर मी आधी वाद घालायचे. एका बाईवरून सगळ्या मंडळीला, म्हणजे चर्चला, तोलू नकोस, कवी ना. वा. टिळकांसारखा चित्पावन माणूस १८९५ मध्ये ख्रिस्ती झाला आणि त्याचीच पदं आमचे आजोबा तोंडपाठ म्हणायचे, असं बरंच काही. मग ताईच्या लग्नाची बोलणी झाली, आणि दादाशी त्या विषयावर बोलणं मला जड जायला लागलं.

स्थळ ओळखीतून आलं होतं. मुलगा दुसऱ्या शहरातला, शिकलेला, उपासनेत पेटी वाजवणारा. ते लोक घरी आले. आईने शिरा केला होता, रावपुऱ्यातून लिलो चिवडा आणला होता. मुलाच्या वडिलांनी आधी प्रार्थना केली, आणि मी आजही म्हणेन की प्रार्थना फार चांगली होती. त्यांनी ताईचं नाव घेऊन तिच्यासाठी आशीर्वाद मागितला. ताईने मान खाली घातली होती आणि तिचे ओठ हलत होते.

मग मुलाच्या आईने विचारलं, "तुमचं मूळ गाव कोणतं?"

पप्पांनी सांगितलं.

"आणि गावात घर कुठल्या अंगाला?"

ज्यांना असं कधी कोणी विचारलेलं नाही, त्यांना ही पत्त्याची चौकशी वाटेल. आमच्या घरात सगळ्यांना तिचा अर्थ त्याच क्षणी कळला. पप्पांना काहीतरी मोघम सांगता आलं असतं. आई त्यांच्याकडे बघत होती, तिला तेच हवं होतं असं मला वाटतं. पप्पा म्हणाले, "गावात नव्हतं. महारवाड्यात."

त्या बाईंनी हातातली बशी खाली ठेवली. शिरा अर्धा राहिला होता. त्यानंतरही ते बराच वेळ बसले, मुलाचे वडील बडोद्याच्या उन्हाळ्याबद्दल बोलले, जाताना सगळ्यांनी हात जोडले. काही दिवसांनी पत्र आलं. विषय प्रार्थनेत ठेवला होता, प्रभूची इच्छा दिसत नाही, एवढंच.

नकार कोणालाही येतो. पण नकार त्यांचा होता आणि तो त्यांनी प्रभूच्या नावावर घातला. याची चीड माझ्यात अजून आहे, ती गेलेली नाही आणि जावी असं मला वाटतही नाही.

मी तेव्हा कॉलेजात होते. त्या रात्री पप्पांना म्हणाले, "त्यांचं काय चुकलं? प्रभूनेच त्या कनानी बाईला कुत्री म्हटलं ना?" बायबलात मत्तयाच्या १५ व्या अध्यायात ती येते. परजातीची, आजारी मुलीसाठी मागे लागलेली, शिष्य म्हणतात हिला घालवून द्या. येशू म्हणतो, मुलांची भाकरी कुत्र्यांना घालणं बरं नव्हे. ती म्हणते, खरंय प्रभू, पण मेजाखाली पडलेला चुरा कुत्रीही खातात. आणि तिची मुलगी बरी होते.

पप्पा म्हणाले, "ती वाद जिंकली. शास्त्री, परूशी सगळे त्याच्यापुढे हरले. तिच्यापुढे तो थांबला."

मी म्हणाले, जिंकण्यासाठी आधी स्वतःला कुत्रं म्हणून घ्यावं लागत असेल तर ते जिंकणं मला नको. त्या वयातल्या माझ्याशी मी आजही भांडते आणि तिला गप्प करू शकत नाही. तो तिची परीक्षा बघत होता, असं चर्चचे पाळक सांगतात. लेक आजारी असलेल्या आईची परीक्षा कोण घेतं? पण मी तिला हेही सांगते की पुढचं वाच. "तुझा विश्वास मोठा" असं तो तिला म्हणतो. मत्तयाच्या पुस्तकात अशी वाखाणणी आणखी एकाचीच आहे, रोमी शताधिपतीची. दोघंही परके. रोज बरोबर हिंडणाऱ्या शिष्यांना मात्र तो अल्पविश्वासी म्हणतो. लूकच्या पुस्तकात दहा कुष्ठरोगी बरे झाले तेव्हा उपकार मानायला परत आला तो शोमरोनी, यहूद्यांनी परका मानलेला. वधस्तंभावर शेजारी टांगलेल्या गुन्हेगाराला त्याने त्याच दिवशी बरोबर नेण्याचं वचन दिलं. हे सगळं मी शोधून काढलेलं नाही, बायबलात पानोपानी आहे. ज्यांना कोणी आत घेत नव्हतं, ते आधी आत जातात.

पणजोबांनी काय ऐकलं असेल, याचा विचार करताना मला बायबलातल्या इब्री लोकांस पत्राचा १३ वा अध्याय आठवतो. येशू वेशीबाहेर मारला गेला, तेव्हा त्याचा अपमान सोसत आपणही बाहेर त्याच्याकडे जाऊ, असं तिथे लिहिलंय. पणजोबांना कुठे जायचंच नव्हतं. ते जन्मापासून वेशीबाहेरच राहत होते. देव आपल्या अंगाला येऊन मेला, हे त्यांना कोणी पहिल्यांदा सांगितलं असेल तेव्हा त्यांच्या मनात काय झालं असेल ते मला धान्याच्या हिशेबात मांडता येत नाही.

दादा म्हणतो, "हे झालं पुस्तकातलं. त्याची माणसं कोण? शिरा टाकून उठलेली तीच ना?" हो, तीच. आणि आम्हीही. आमच्या मंडळीत नवीन येणाऱ्याला अजून आडनाव विचारतात, आणि विचारणाऱ्यांत आमच्याच महारवाड्यातून आलेली घरंही आहेत.

ताईने लग्न केलं नाही. ती चर्चच्या शब्बाथशाळेत मुलांना शिकवते. बायबलातल्या प्रेषितांच्या कृत्यांतली कूशी षंढाची, म्हणजे इथिओपियाच्या खोजाची, गोष्ट ती मुलांना शिकवत असताना मी एकदा मागे बसून ऐकलं. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे त्याच्यासारख्याला मंडळीत जागा नव्हती. तो रथात यशया वाचत बसलाय, पाणी दिसल्यावर विचारतो, मला बाप्तिस्मा घ्यायला काय हरकत आहे? वाटेत भेटलेल्या फिलिप्पाने, येशूच्या एका अनुयायाने, त्याला तू कुठला, कोणाचा, काही विचारलं नाही, हे ताईने मुलांना दोनदा सांगितलं. मी तिला नंतर म्हटलं, तुला राग नाही येत? ती म्हणाली, "पत्र त्यांनी लिहिलं होतं. मी प्रभूला कशाला सोडू?" दादाला हे सांगितलं तर तो म्हणाला, अशा समजुतीनेच आपली माणसं पिढ्यान् पिढ्या गप्प बसली. दोघंही माझी माणसं आहेत आणि दोघांपैकी कोणाचंही मला खोडून काढता येत नाही. मी दर रविवारी जाते. कधी विश्वासाने जाते, कधी ती जागा त्या बाईंसाठी सोडायची नाही म्हणून जाते.

तेव्हा पुन्हा विचारायचं असेल तर खुशाल विचारा. फक्त ताईसमोर विचारू नका, मला विचारा. मी भांडेन.