आमची वाटचाल : गादीखालचं इंजिन

आमच्याकडे आलेली पहिली सिंक्रो टो करूनच आणावी लागली होती. फोक्सवॅगनच्या टी-३ व्हॅनचा हा फोर-व्हील-ड्राइव्ह अवतार. 1985 पासून ऑस्ट्रियात ग्राझला श्टायर-डाइमलर-पुखच्या कारखान्यात तो तयार व्हायचा. इंजिन मागे, इंजिनावर झाकण आणि झाकणावर झोपायची गादी. मूळ टर्बो डिझेल 1.6 लिटरचं, 70 हॉर्सपॉवर. पाण्याची टाकी, शेगडी, कपाटं आणि चार माणसं घेऊन चढ चढताना ते मेटाकुटीला येतं. मालकाने पाय काही उचलला नाही, आणि इंजिनाचं हेड तडकलं.

तोवर मी आणि मेहुणा साध्या गाड्यांची सर्व्हिसिंग करायचो. या गाडीला 1.9 लिटरचं टीडीआय, म्हणजे फोक्सवॅगनचंच नंतरचं टर्बो डिझेल, बसवायचं ठरलं. 90 हॉर्सपॉवर, 1900 आरपीएमलाच 202 न्यूटन मीटर टॉर्क. जुन्याचा 140च्या आत. कागदावर पत्रिका छान जुळली.

मूळ डिझेल इंजिन 50 अंशात कललेलं असतं. आम्ही नवं उभंच ठेवलं, कारण ते सोपं होतं. मग झाकण लागेना, म्हणून उंच झाकण करून दिलं. मालक आला, गादीवर आडवा झाला. पाठीखाली टेकाड! थोडा वेळ छताकडे बघत पडला, उठला आणि काही न बोलता गाडी घेऊन गेला. त्याचं ते न बोलणं आम्हाला फार लागलं. महिनाभराने आम्हीच त्याला बोलावलं, इंजिन खालून उतरवलं आणि जुन्या डिझेलचा ऑइल चेंबर, पिकअप पाइप, ब्रॅकेट वापरून तिरकं बसवलं. पैसे अर्थातच घेतले नाहीत.

इंटरकूलरचंही, म्हणजे टर्बोतून येणारी गरम हवा थंड करणाऱ्या जाळीचंही तसंच. मागच्या इंजिनाला समोरचा वारा मिळत नाही, त्यामुळे आमचा पहिला इंटरकूलर निव्वळ शोभेचा ठरला. आता तो बाजूच्या झरोक्यामागे, पंख्यासकट लावतो. रेडिएटर पुढे आणि पाइप गाडीभर लांब, म्हणून कूलंट भरताना गाडीचं नाक उचलून हवा काढल्याशिवाय चावी हातात देत नाही.

जुनं इंजिन घेताना मी आधी ते चालू करून बघतो. ऑइलचं झाकण काढून तोंडावर उलटं ठेवायचं. ते नुसतं थरथरलं तर ठीक, उड्या मारायला लागलं तर पिस्टनच्या रिंगा गेल्या समजा. कॉम्प्रेशन मोजायचं त्यानंतर. आणि ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर), वायरिंग, अ‍ॅक्सिलरेटर पेडल त्याच गाडीचं हवं. एकदा नुसतं इंजिन स्वस्तात उचललं आणि ईसीयू दुसरीकडून घेतला. चालू होऊन दोन सेकंदांत बंद, पुन्हा चालू, पुन्हा बंद. इमोबिलायझर, म्हणजे ओळखीची चावी नसली तर इंजिन बंद पाडणारं चोरीविरोधी कुलूप! तीन दिवस आम्ही डिझेल पंपालाच शिव्या देत होतो.

अडीच लिटरचं पाच सिलिंडर टाका म्हणणारे हमखास येतात. मी नाही म्हणतो. ते जड, आणि गिअरबॉक्स 70 हॉर्सपॉवरच्या काळातला. टीडीआयलासुद्धा वरचा गिअर लांब करून घ्यावा लागतो, नाहीतर हायवेवर इंजिन किंचाळत राहतं. गिअरबॉक्स उघडायचा म्हटलं की गिऱ्हाइकाचा चेहरा पडतो. दोन कामं त्यापायी हातची गेलीही. मेहुणा आता तेवढंच काम करतो.

ती पहिली सिंक्रो दरवर्षी ऑइल बदलायला येते. मालक आधी स्वतः चादर काढतो, घडी घालून पुढच्या सीटवर ठेवतो आणि मगच आम्हाला गादीला हात लावू देतो.