चाल, वेग आणि परतीचं तिकीट

स्मरणिकेसाठी लिहायचं म्हटल्यावर बहुतेकांना सहली आणि छड्या आठवतील. मला नववीतला गतीचा धडा आठवतो, कारण माझं पोटच त्यावर चालतं.

स्पीड म्हणजे चाल, व्हेलॉसिटी म्हणजे वेग. पाठ करायला एवढंसं. पण आमचे विज्ञानाचे सर नुसत्या व्याख्येवर कुणाला सोडत नसत. त्यांनी फळ्यावर मुंबई आणि पुणे अशी दोन टिंबं काढली, मध्ये घाटाची नागमोडी रेघ. "दख्खनची राणी रुळांवरून 192 किलोमीटर धावते. वेळ सव्वातीन तास धरा. चाल काढा." आली ताशी 59. मग पट्टी लावून त्यांनी टिंबं सरळ जोडली. हे सरळ अंतर, म्हणजे विस्थापन, 120 च्या आसपास. म्हणजे वेग ताशी 37, आणि पुढे 'आग्नेयेकडे' लिहिलं नाही की गुण कापलाच!

"आता हीच गाडी सकाळी पुण्याहून निघाली आणि रात्री पुण्यात परतली. दिवसभराचा सरासरी वेग?"

वर्ग गप्प. उत्तर शून्य. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "मग सर, तिकीट कशाचं काढायचं?"

"अंतराचं रे! विस्थापनाचं असतं तर परतीचा प्रवास धरून सगळंच फुकट झालं असतं."

पुढे कळलं की हे सोवळं भाषा फारसं पाळत नाही. इंग्रजीत 'स्पीड ऑफ लाइट', आपण म्हणतो प्रकाशाचा वेग. उलट पृथ्वीच्या ओढीतून सुटायला लागणारी, सेकंदाला 11.2 किलोमीटरची ती 'एस्केप व्हेलॉसिटी' खरं तर चालच. तिला दिशेशी देणंघेणं नाही. सरांनी तिचाही गुण कापला असता.

आज मी साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांच्या देखभालीचं काम करतो. चक्कीच्या डोक्यावर, पात्यांच्या मागच्या बाजूला, दोन उपकरणं असतात. एकाच्या वाट्या गरगर फिरून वाऱ्याची चाल सांगतात. शेजारचं शेपटीवालं दिशा दाखवतं, आणि त्यावरून मोटारी अख्खं डोकं वाऱ्याकडे वळवतात. वाऱ्याची चाल दुप्पट झाली की त्यातली शक्ती आठपट होते, म्हणून नव्या पोरांचा डोळा पहिल्या आकड्यावरच. "साहेब, स्पीड झकास आहे, तरी युनिट का पडत नाहीत?" असा फोन आला की मी आधी ते शेपटीवालं अडकलंय का, ते बघायला लावतो. पुष्कळदा तेच निघतं.