तुम्ही विचारलंत म्हणून: घेतलंत तरी काय?

लग्नात भेटलेली माणसं विचारतात, भाजीच्या गाडीवर शेजारीण विचारते, "कोविडनंतरचा तो थकवा गेला ना तुमचा? घेतलंत तरी काय?" विचारणाऱ्याच्या घरात कुणीतरी अजून धापा टाकत असतं, त्यामुळे हसून टाळता येत नाही.

मला कोविड झाला एप्रिल 2021 मध्ये. घरच्या घरीच निभावलं. खरं दुखणं जूनमध्ये सुरू झालं. कांदा परतायला घेतला की जळक्या टायरचा वास यायचा. दोन जिने चढले की दुसरा दिवस अंथरुणात. रिपोर्ट सगळे नॉर्मल! काढे झाले, झिंक झालं, मावशींचं च्यवनप्राश झालं. एका डॉक्टरांनी सांगितलं, "मनाचे खेळ आहेत, रोज थोडं जास्त चाला." चालले. तिसऱ्या आठवड्यात केस विंचरताना फणी हातात धरवेना.

पुढे एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी उलटं सांगितलं: जमतंय असं वाटेल त्याच्या निम्म्यावर थांबायचं. कणीक स्टुलावर बसून मळायची, न्हाणं आणि स्वयंपाक एका सकाळी नको. सासूबाईंना हे आळशीपणाचं वाटलं, मलाही वाटायचं. पण आडवं पडण्याचे दिवस कमी होत गेले.

वास परत यावा म्हणून जर्मनीतल्या ड्रेस्डेनचे वासाचे अभ्यासक डॉ. थॉमस हुमेल यांची रीत होती. त्यांनी 2009 मध्येच ती अभ्यासली होती, म्हणजे कोविडच्या कितीतरी आधी. गुलाब, लिंबू, निलगिरी, लवंग यांचे वास एकेक करून घ्यायचे. दिवसातून दोनदा, 12 आठवडे. मी मसाल्याच्या डब्यातली लवंग कुटून एका छोट्या डबीत ठेवली होती. महिनाभर त्या डबीत नुसती हवा. मग एका सकाळी नाकाच्या टोकाशी काहीतरी चुरचुरलं. वास नव्हेच तो, पण मी डबी घेऊन घरभर फिरले.

सरावाने बरं वाटलं की वेळेने, छातीठोक नाही सांगता येत. नाशिकच्या मैत्रिणीचं तर वेगळंच: उभी राहिली की ठोके 130. तिला डॉक्टरांनी पाणी, जास्तीचं मीठ आणि घट्ट मोजे दिले, त्याने ती सावरली. मला बीपी आहे, तिचं मीठ मला कसं चालणार? कुणी पॅक्सलोविडचं, म्हणजे कोविडवरच्या गोळ्यांचं विचारतं. अमेरिकेत स्टॅनफर्डला ते 15 दिवस देऊन पाहिलं, अशा रेंगाळलेल्या दुखण्यात फरक दिसला नाही.

एवढं ऐकून समोरचा म्हणतो, "म्हणजे गोळी नाहीच?" नाही हो. आणि कॉफी मला अजून जळकीच लागते, चहाच टाका.