कसं?

माझ्या ओळखीत एक मांजर आहे, एक हिरवी छत्री आहे आणि एक नुसतंच राखाडी वर्तुळ आहे. वर्तुळाने गेल्या आठ वर्षांत स्वतःचं चित्र लावायची तसदी घेतलेली नाही. पण रात्री दोन वाजता माझ्या सर्व्हरची डिस्क गच्च भरली, तेव्हा कुठली फाइल उडवायची आणि कुठलीला हातही लावायचा नाही, हे त्यानेच सांगितलं होतं. ही आमच्या इंटरनेटवरच्या ग्रुपमधल्या तिघांच्या नावापुढची चित्रं. त्यांना मी कधीच पाहिलेलं नाही. उद्या रस्त्यात समोर आले तर बाजूला होऊन वाट देईन आणि पुढे जाईन. मात्र उत्तर कोणाचं, हे नाव झाकूनही सांगेन. मांजर वाक्याच्या शेवटी कधी पूर्णविराम देत नाही. छत्री आधी नुसतं "हं" लिहिते, मग चार मिनिटं सामसूम, मग एकदम तीन ओळींची कमांड. (छत्री म्हणून 'ती' म्हणायचं. खरं काय ते छत्रीलाच ठाऊक.)

आमचा ग्रुप लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या अडचणी सोडवणाऱ्यांचा. जगभरातून लोक येतात, अडलेलं विचारतात, सुटलं की निघून जातात. आम्ही पंधरावीस जण मात्र जात नाही. का, ते विचारू नका. घरच्यांनी विचारून झालंय.

नवा माणूस येतो तो धापा टाकतच. "चालत नाहीये. अर्जंट." काय चालत नाही, कशावर चालत नाही, कालपर्यंत चालत होतं का, यातलं काही नाही. त्याला माहिती विचारली की तो फोटो पाठवतो. तो फोटो मी इतक्या वेळा पाहिलाय की डोळे मिटूनही दिसतो: स्क्रीन तिरका, त्यावर फोन धरलेल्या हाताची सावली, आणि एररची जी एक ओळ वाचायची ती नेमकी फ्लॅशच्या पांढऱ्या ठिपक्याखाली. मजकूर कॉपी करून टाका म्हटलं की माणूस दुखावतो. त्याला वाटतं, आपण कागदपत्रांसाठी खेटे घालायला लावतोय. पण मजकूर असेल तर मला तो शोधता येतो, जुन्या एररशी ताडून बघता येतो. फोटोकडे नुसतं बघत बसावं लागतं.

दुसरा प्रकार "कोणी आहे का?" म्हणून दारात उभं राहणाऱ्यांचा. आहेत की, तीनशे जण आहेत. पण प्रश्न न ऐकताच "हो, मी आहे" म्हणणं म्हणजे कोऱ्या कागदावर सही करणं. म्हणून कोणी काही बोलत नाही आणि बिचाऱ्याला वाटतं, आत माणुसकीच नाही.

तिसरा प्रकार मला सगळ्यात आवडतो, कारण त्यात थोडं रहस्य असतं. एकाने विचारलं, अमुक सर्व्हिस दर तासाला आपोआप रीस्टार्ट कशी करायची? सोपा प्रश्न. दोघांनी लगेच दोन रीती सांगितल्या. मांजराने मात्र विचारलं, "दर तासालाच का". मग हळूहळू बाहेर आलं की प्रोग्रॅम घेतलेली मेमरी परत सोडतच नाही, तासाभरात मशिन गुदमरतं आणि रीस्टार्ट हा त्याने स्वतःच स्वतःला लिहून दिलेला औषधोपचार. मूळ दुखणं बाजूला ठेवून स्वतः ठरवलेल्या औषधाबद्दल विचारायचं, याला आमच्यात 'एक्सवाय प्रॉब्लेम' म्हणतात. हा शब्द वापरताना जरा जपावं लागतं. नव्या माणसाच्या तोंडावर तो फेकला की त्याला शिवी वाटते.

यातलं काही नवीन नाही. इंटरनेटवर वागावं कसं याचं एक टिपण ऑक्टोबर १९९५ मध्ये निघालं, आरएफसी या इंटरनेटविषयीच्या टिपणमालेतलं १८५५ क्रमांकाचं, इंटेलमधल्या सॅली हॅम्ब्रिज यांनी लिहिलेलं. त्यात सांगितलंय की चर्चेत तोंड उघडण्याआधी एक ते दोन महिने नुसतं वाचा. मराठी संकेतस्थळांवर अशा माणसाला 'वाचनमात्र' म्हणतात आणि त्या शब्दात एक सोशिक सुगंध आहे. त्याच टिपणात असंही आहे की राग आला असेल तर रात्रभर थांबून मग उत्तर पाठवा. आज कोणी रात्रभर थांबलं तर तेवढ्यात दोन नव्या व्हर्जन येतील, पण सल्ला बरोबर आहे. मी तो एकदा मोडला होता. ते उत्तर अजून तिथे आहे आणि मी अजून त्या बाजूला फिरकत नाही.

त्याच्याही आधीची सप्टेंबरची गंमत. यूजनेट या इंटरनेटवरच्या जुन्या चर्चागटांच्या काळात दर सप्टेंबरला विद्यापीठांत नवी पोरं यायची, त्यांना कम्प्युटर खातं मिळायचं आणि महिनाभर ती धुडगूस घालायची. मग जुनी मंडळी त्यांना रांगेला लावायची. १९९३ नंतर इंटरनेट सामान्य ग्राहकांना खुलं होत गेलं, नव्यांचा लोंढा थांबेचना आणि जुन्यांनी कुरकुरत म्हटलं, हा सप्टेंबर काही संपत नाही. ती कुरकुर मला कळते, पटत मात्र नाही. कारण त्या लोंढ्यातच पुढे मी होते.

आणि आमच्या जुन्याजाणत्यांचा खवटपणा. "मॅन्युअल वाच" हे उत्तर पुष्कळदा बरोबर असतं आणि जवळजवळ नेहमी निरुपयोगी असतं. स्पष्टवक्तेपणा या नावाखाली बराच आळस खपतो. लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्स त्याच्या जळजळीत ईमेलसाठी प्रसिद्ध होता. सप्टेंबर २०१८ मध्ये त्याने त्याबद्दल जाहीर माफी मागितली आणि काही काळ बाजूला झाला. त्या दिवशी ग्रुपमध्ये छत्रीने फक्त "हं" लिहिलं. चार मिनिटं थांबूनही पुढे कमांड आली नाही.

नेहमीच्यांचे आपापसातले नियम मात्र कुठेच लिहिलेले नाहीत. पेशंट एकाच्या हाती असला तर दुसऱ्याने नाडी बघायची नाही. नेटवर्कचा अवघड प्रश्न आला तर "वर्तुळ उठेल तासाभरात, थांबा" एवढंच सांगायचं. त्याच्याकडे तेव्हा पहाट असते. आणि चूक दाखवायची असेल तर शक्य तितक्या कमी शब्दांत. एकदा छत्रीने कोणाला तरी जुने बॅकअप पुसायची कमांड दिली. फाइलच्या नावाला चिकटून तारांकन हवं, तर मध्ये एक स्पेस पडली होती. तेवढ्याने अर्थ बदलतो: 'या नावाच्या सगळ्या फाइल पुसा' याऐवजी 'ही पुसा आणि इथलं उरलेलं सगळंही पुसा'. विचारणाऱ्याने एंटर दाबायच्या आत वर्तुळाचे दोन शब्द उमटले, "थांब. स्पेस." छत्रीने कमांड दुरुस्त केली. त्या विषयावर नंतर कोणी चकार शब्द काढला नाही. फक्त तेव्हापासून पुसायची कुठलीही कमांड दिली की छत्री स्वतःच खाली लिहिते, "स्पेस मोजून घ्या."

भांडणंही आहेत, पण ती ठरलेली. व्हीआय आणि ईमॅक्स हे कम्प्युटरवर मजकूर लिहायचे दोन एडिटर, दोघांचाही जन्म १९७६ चा, आणि कुठला चांगला यावरून तेव्हापासून कुस्ती चालू आहे. आमच्याकडे ती नुरा कुस्ती असते. प्रश्न नसले, ग्रुप सुस्त पडला की कोणीतरी मुद्दाम खडा टाकतं.

मांजर मराठी आहे हे मला पाच वर्षांनी कळलं. सगळा कारभार इंग्रजीतून, त्यामुळे कोण कुठलं याचा पत्ता नाही. एकदा त्याने एक लांब स्क्रिप्ट टाकली. त्यात एका तात्पुरत्या व्हेरिएबलचं नाव होतं 'उगाच'. दुसऱ्याचं 'उगाच२'. मी स्क्रीनसमोर एकटीच हसले आणि त्याला वेगळा निरोप टाकला, "मराठी का?"

आणि तिथून अडचण सुरू झाली. इंग्रजीत 'यू' म्हटलं की काम भागतं. मराठीत पहिल्याच वाक्याला वय विचारावं लागतं. मी बिनधास्त लिहिलं, "थांब, बघते." पाच वर्षं मला 'ब्रो' म्हणणारं मांजर एकदम गप्प झालं. 'टाइप करत आहे' असं तीनदा उमटलं, तीनदा विझलं. मग आलं, "बघा ना". ब्रो गेला आणि 'तुम्ही' आलं. ही बढती की बदली, ते अजून ठरलेलं नाही.

मांजर स्वतः मात्र हुशार. ते भूतकाळातच बोलतं: "मी लॉग बघितला" (लॉग म्हणजे कम्प्युटर स्वतः ठेवतो ती घडामोडींची नोंद), "मी पण तेच केलं". मराठीत असं बोललं की क्रियापद कर्माच्या मागे जातं किंवा नपुंसकलिंगात बसून राहतं आणि कर्ता कोण ते झाकलेलं राहतं. 'करतो' नाही, 'करते' नाही. मुद्दाम की सवयीने, विचारलं नाही. विचारायचं नसतं.

वर्तुळ मध्ये तीन आठवडे दिसलं नाही. त्याचा फोन, पत्ता, खरं नाव कोणाकडेच नाही. चौकशी करायची तर कुठे? नेटवर्कचे प्रश्न साचत गेले. बाविसाव्या दिवशी ते आलं आणि लिहिलं, "हार्डवेअर प्रॉब्लेम. गुडघा." त्यावर मांजराने विचारलं, "लॉग टाक". एवढी विचारपूस झाली आणि सगळे कामाला लागले.

गेल्या महिन्यात मी माळ्यावरचा जुना लॅपटॉप काढला आणि त्यावर नव्याने लिनक्स चढवलं. झोपवून उठवला की वायफाय गायब. तासभर डोकं खाजवलं, मग ग्रुपच्या जुन्या नोंदींत शोधलं. नेमका तोच लॅपटॉप, नेमकी तीच अडचण, आठ वर्षांपूर्वीची. अधाशासारखी खाली गेले. विचारणाऱ्या बाईने शेवटी लिहिलं होतं, "सुटलं! थँक्स ऑल!" आणि गायब. बाई मीच. तेव्हा मला येऊन दोन आठवडे झाले होते. त्याच्याखाली दोन दिवसांनी वर्तुळाचा एकच शब्द होता, "कसं?" मी तो कधी पाहिलाच नव्हता, किंवा पाहून सोडून दिला होता.

रात्री उशिरा पुन्हा सुटलं. वायफायचं पॉवर सेव्हिंग बंद करायचं होतं. या वेळी चर्चेच्या त्या धाग्यावर परत गेले, कमांड लिहिली, ती कुठल्या फाइलमध्ये टाकली ते लिहिलं, उशिराबद्दल माफी मागितली. वर्तुळाकडे तेव्हा पहाट असणार. तासाभराने त्याचं उत्तर आलं.

"कुठल्या व्हर्जनवर?"